मोटारसायकलीचे इंजिन आणि छोटी मोटार : घडण, निगा व बोली

मोटारसायकलीचे इंजिन चारचाकी गाडीस लावावयाचे म्हटले की पहिली शंका घेतली जाते ती ताकदीची. एवढेसे इंजिन एवढी गाडी ओढील काय, असा प्रश्न सुशिक्षित माणूसही विचारतो. हिशेब मांडून पाहिल्यास ही शंका फारशी टिकत नाही. अशा गाडीत खरी अडचण इंजिनाच्या अंगी नसते. ते इंजिन आणि त्यास अपरिचित अशी गाडी यांच्या सांध्यांत ती असते. दुसरी गोष्ट अशी की इंजिनाचे पुस्तक कारखाना छापतो, गाडीचेही पुस्तक कारखाना छापतो. परंतु या दोहोंच्या सांध्याचे पुस्तक कोणीच छापत नाही. सांध्याविषयीचे ज्ञान ज्याने तो जुळविला त्याच्या हातात आणि गॅरेजातील बोलण्यात राहते. हा विषय भाषेच्या अभ्यासकासही विचारार्ह आहे तो या कारणाने. प्रस्तुत लेखात प्रथम यंत्राचा, मग निगेचा व त्या अनुषंगाने बोलीचा विचार केला आहे.

१. पूर्वपीठिका

छोटी मोटार आणि मोटारसायकल यांचे नाते जुने आहे. इंग्लंडातील मॉर्गन या तीनचाकी गाडीचे प्रदर्शन १९१० मध्ये झाले, तेव्हापासून तिला मोटारसायकलीच्या जातीचे इंजिन लावले जाई. पुढे दोन चाके, मागे एकच, आणि चलन साखळीने, अशी तिची रचना होती. १९४६ मध्ये कूपर पितापुत्रांनी दोन लहान फियाट गाड्यांचे पुढील भाग पाठीस पाठ लावून जोडले, चालकाच्या मागे मोटारसायकलीचे इंजिन ठेवले आणि शर्यतीची गाडी तयार केली. दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोल व पैसा या दोहोंची चणचण भासू लागली, तेव्हा युरोपात अशा गाड्यांची एक पिढीच निर्माण झाली. मूळच्या इटालियन आराखड्यावरून बी.एम.डब्ल्यू.ने १९५५ पासून काढलेल्या इसेटा गाडीत त्याच कारखान्याच्या मोटारसायकलीचे २४७ घन सेंटिमीटरचे इंजिन सुधारून बसविले होते. इंग्लंडातील बर्कली या गाडीच्या १९५९ च्या नमुन्यांत रॉयल एनफिल्डचे ६९२ घन सेंटिमीटरचे जोड-सिलिंडर इंजिन होते. भारतात त्याच नावाची बुलेट १९५५ पासून मद्रासेस जुळविली जाऊ लागली, हे लक्षात घेतले म्हणजे हा सर्व प्रकार आपल्यापासून फार दूरचा नव्हता हे कळून येते.

महाराष्ट्रात या विचारसरणीचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न इचलकरंजी येथे झाला. शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना १९४९ मध्ये रस्त्यावर आणला आणि पुढे सुमारे पाव शतक ते तिच्या नव्या नव्या आवृत्त्या घडवीत राहिले. त्यांनी इंजिन विकत न घेता स्वतः घडविले, हा त्यांचा विशेष होय. तथापि दोन सिलिंडरांची इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी मांडणी, इंजिन गाडीच्या मागील बाजूस, आणि लोखंडी पाट्यांऐवजी रबराचा झोला या त्यांच्या योजनेत मोटारसायकलीच्या परंपरेची सावली स्पष्ट दिसते. बारा हजार रुपयांच्या आसपास किमतीची ही गाडी बाजारात कधीच येऊ शकली नाही.

अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील आहे. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग व दुचाकीचे इंजिन वापरून सुमारे साठ हजार रुपयांत एक लहान जीप तयार केली. ती मोटारसायकलीप्रमाणे किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती अडविली जाईल हेही त्यांनी सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी गाडी देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. यांखेरीज कारखान्यातून नियमास धरून आलेली अशी गाडी म्हणजे बजाजची क्यूट. २१६ घन सेंटिमीटरचे एक सिलिंडर असलेली ही गाडी २०१९ मध्ये महाराष्ट्रात खासगी वापरासाठी विक्रीस आली. तिच्यासाठी शासनास ‘क्वाड्रिसायकल’ हा वाहनांचा स्वतंत्र वर्गच निर्माण करावा लागला.

२. ताकदीचा हिशेब

एक साधे उदाहरण घेऊ. जुन्या धाटणीच्या बुलेटचे इंजिन ३४६ घन सेंटिमीटरचे व सुमारे १८ अश्वशक्तीचे असते. मोटारसायकल आणि तिच्यावरील दोन माणसे यांचे वजन ३०० किलोग्रॅम धरू. हेच इंजिन घातलेली लहान मोटार दोन माणसांसह ६०० किलोग्रॅमची होईल असे मानू. ही गाडी वीस मीटर अंतरास एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने न्यावयाची आहे. चढ, टायरांचे घर्षण, हवेचा रोध आणि साखळी व दंतचक्रांतील घट या सर्वांची बेरीज केली तरी सहा अश्वशक्तीहून कमी ताकद पुरते. चढ दुप्पट तीव्र, म्हणजे दहास एक असा धरला तरी ही गरज दहाच्या आत राहते. इंजिनाजवळ अठरा आहेत.

तेव्हा ताकद पुरेशी आहे. परंतु ती ताकद इंजिन केवळ ठरावीक फेऱ्यांवर देते, ती देताना तापते, आणि ती चाकापर्यंत पोचविण्याची मोटारसायकलीची व्यवस्था निम्म्या वजनासाठी केलेली असते. सांध्यांचा प्रश्न उभा राहतो तो येथे.

३. चार सांधे

पहिला सांधा क्लचचा. गाडी स्थिर असते आणि इंजिन फिरत असते. या दोघांचा मेळ बसेपर्यंत क्लचच्या तबकड्या एकमेकींवर घसरतात. सपाट रस्त्यावर या घसरण्यात जी उष्णता निर्माण होते ती, तबकड्या पूर्ण पकडीत येईपर्यंत गाडीने मिळविलेल्या गतिज ऊर्जेइतकी असते. वजन दुप्पट झाले की उष्णताही दुप्पट होते. यावर जाड तबकड्या हा उपाय प्रथम सुचतो. परंतु त्याहून चांगला उपाय चाकात आहे. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. बुलेटचे मागील चाक टायरसह सुमारे ६६ सेंटिमीटर व्यासाचे असते. त्याजागी ५० सेंटिमीटरचे चाक लावले तर तितक्याच फेऱ्यांत गाडीचा वेग सुमारे तीनचतुर्थांश होतो आणि त्याचा वर्ग अर्ध्याच्या थोडा वर राहतो. दुप्पट वजनास या अर्ध्याने गुणले की क्लचवरील भार मूळच्यापेक्षा जेमतेम पंधरा टक्क्यांनी अधिक ठरतो. छोट्या मोटारीची छोटी चाके काटकसरीची किंवा शोभेची खूण मानली जातात. या प्रकारच्या गाडीत ती यंत्राची गरज असतात. कमाल वेग घटतो, ही त्यासाठी मोजलेली किंमत होय.

दुसरा सांधा थंडाव्याचा. मोटारसायकलीचे इंजिन उघड्या वाऱ्यात असते. सिलिंडरावरील पाकळ्यांमधून वारा वाहतो आणि उष्णता नेतो. पेट्रोलमधील ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच कामास लागतो. उरलेली धुराबरोबर किंवा सिलिंडराच्या भिंतीवाटे बाहेर पडावी लागते. मोटारीत हेच इंजिन आसनाखाली अथवा मागील पेटीत कोंडले जाते. सपाट रस्त्यावर ताशी साठच्या वेगाने जाताना हे फारसे जाणवत नाही. परंतु नाशिकची गाडी कसाऱ्याखाली उतरून परत घाट चढू लागली म्हणजे खरी परीक्षा होते. त्या वेळी वेग कमी असतो, म्हणून वारा कमी असतो. भार अधिक असतो, म्हणून उष्णता अधिक असते. आणि हवा एप्रिलची असेल तर ती आधीच तापलेली असते. यासाठी पंखा आवश्यक आहे. मात्र पंखा बसविल्याने काम भागत नाही. पंख्याची हवा पाकळ्यांच्या आतूनच गेली पाहिजे, यासाठी सिलिंडराभोवती पत्र्याचे घट्ट आवरण लागते. आवरणात फट राहिली तर हवा सोप्या वाटेने निघून जाते आणि पंखा फिरत असूनही इंजिन भाजते. तसेच तापलेली हवा पुन्हा पंख्याच्या तोंडाशी येणार नाही अशी वाट तिला काढून द्यावी लागते. स्कूटर व रिक्षा यांच्या इंजिनांवर असे आवरण कारखान्यातूनच आलेले असते. म्हणून अनुभवी मिस्त्री पुष्कळदा ताकदवान बुलेटपेक्षा रिक्षाचे इंजिन पसंत करतो.

तिसरा सांधा उलट गतीचा. मोटारसायकल पायाने मागे ढकलता येते, म्हणून तिला मागे जाण्याचा गिअर नसतो. ६०० किलोग्रॅमची गाडी उतारावर तोंड करून उभी राहिली तर ती पायाने मागे सरत नाही. १९५५ ते १९६४ या काळात निघालेल्या मेसरश्मिट के.आर. २०० या जर्मन गाडीने यावर मोठा नामी उपाय योजला होता. तिचे १९१ घन सेंटिमीटरचे इंजिन दोन-आघाती होते. दोन-आघाती इंजिनात वायूंची ये-जा सिलिंडरातील छिद्रांवाटे होते व दट्ट्याच ती छिद्रे उघडतो आणि झाकतो. वर जाताना व खाली येताना हा क्रम सारखाच असतो. म्हणून ठिणगीची वेळ बदलली की असे इंजिन उलटे फिरू शकते. त्या गाडीस जितके गिअर पुढे जाण्यास होते तितकेच मागे जाण्यासही होते. चार-आघाती इंजिनात झडपांची उघडझाप एकाच दिशेस अनुसरून ठरलेली असल्याने ही युक्ती तेथे चालत नाही. तेथे मोटारसायकलीची गिअर-पेटी व मागील आस यांच्यामध्ये उलट गतीची एक लहान पेटी घालणे, किंवा गिअर-पेटीसह रिक्षाचा संपूर्ण संच उचलणे, हे दोन मार्ग उरतात.

चौथा सांधा मागील दोन चाकांचा. मोटारसायकलीस ओढणारे चाक एकच असते. दोन चाकांमध्ये १.१ मीटर अंतर असलेली गाडी काटकोनात वळली तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे पावणेदोन मीटर अधिक धावते; वळण मोठे असो वा लहान, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच आसास घट्ट बांधली असतील तर यांपैकी एकास घसरावेच लागते. टायर झिजतात आणि वळताना गाडी सरळ जाऊ पाहते. मॉर्गनने मागे एकच चाक ठेवून हा प्रश्न टाळला. इसेटाने मागील दोन चाके अर्ध्या मीटरच्या आसपास इतकी जवळ आणली की होणारी घसरण सोसता यावी. बर्कलीने साखळीने डिफरन्शियल फिरवून तो रीतसर सोडविला. रिक्षाच्या संचात गिअर व डिफरन्शियल एकत्रच असतात, हे त्या संचाच्या लोकप्रियतेचे आणखी एक कारण आहे.

या चारांखेरीज ब्रेकचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. दुप्पट वजनाची गाडी थांबविताना दुप्पट ऊर्जा शोषावी लागते. येथे मोटारसायकलीचा ड्रम ठेवणे ही काटकसर नव्हे, धोका होय. रिक्षाचे किंवा लहान मोटारीचे तेलदाबाचे ब्रेक चारही चाकांस लावणे हाच योग्य मार्ग आहे.

४. निगा

एका सिलिंडराचे इंजिन जात्याच हादरते. दट्ट्या वर-खाली जाताना त्याचा तोल राखणारा दुसरा दट्ट्या नसतो. मोटारसायकलीवर हा हादरा स्वाराच्या हातापायांत जिरतो. मोटारीत तो पत्र्यात जातो आणि सांधे ढिले करतो. म्हणून इंजिन रबरी गाद्यांवर बसवावे, असे कोणीही सुचवील. परंतु इंजिन रबरावर व मागील आस चौकटीस घट्ट, अशी मांडणी केली की नवीच अडचण उद्भवते. साखळी ओढू लागली की इंजिन आसाकडे खेचले जाते, साखळी सैल पडते, इंजिन मागे जाते, पुन्हा झटका बसतो. काही दिवसांत साखळीचे दात खाल्ले जातात. यावरील उपाय असा की इंजिन व आस एका स्वतंत्र लहान चौकटीत परस्परांशी घट्ट बांधावे आणि ती सबंध चौकट रबरावर ठेवावी. मग हादरा बाहेर जात नाही आणि साखळीचे अंतरही बदलत नाही. एका सांध्याचा उपाय दुसऱ्या सांध्यास बाधतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. छोटी मोटार घडविण्यातील बहुतेक श्रम अशा परस्परविरोधी गरजांची तडजोड करण्यात खर्च होतात.

निगेच्या वेळापत्रकातही असाच सांधा आहे. मोटारसायकलीच्या पुस्तकात अमुक किलोमीटरनंतर ऑइल बदलावे असे लिहिलेले असते. चाक लहान केल्यावर दर किलोमीटरास इंजिनाच्या फेऱ्या सुमारे एकतृतीयांशाने वाढतात. पुस्तक ३००० किलोमीटर सांगत असेल तर या गाडीत ते काम २२५० किलोमीटरच्या सुमारास करावयास हवे. गंमत अशी की मोटारसायकलीचेच मीटर लहान चाकास जोडले तर ते अंतर त्याच प्रमाणात वाढवून दाखविते. असे मीटर रस्त्याविषयी खोटे व इंजिनाविषयी खरे सांगत असते. ते ‘दुरुस्त’ करून घेणाऱ्याने वेळापत्रकही बदलले पाहिजे, ही गोष्ट कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

नित्याच्या तपासणीत चार कामे मुख्य आहेत : साखळीचा ताण, पंख्याचा पट्टा व आवरणाच्या फटी, रबरी गाद्यांची स्थिती, आणि इंजिन धरून ठेवणारे बोल्ट. जुन्या बुलेटमध्ये झडपांचे अंतर पाहण्याची रीतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. थंड इंजिनात झडपेस ढकलणारी दांडी बोटांनी सहज फिरली पाहिजे, परंतु वर-खाली हलता कामा नये. येथे मापाचे उपकरण नसून बोटांची जाणीव आहे. आणि ती शिकविण्यासाठी ‘फिरणे’ व ‘हलणे’ या दोन क्रियापदांतील भेद नेमका सांगावा लागतो.

५. गॅरेजची बोली

यंत्रविषयक मराठीचा विचार करताना आपले लक्ष सामान्यतः नामांकडे जाते. मराठी विश्वकोशाने व परिभाषा कोशांनी दट्ट्या, झडप, प्रचक्र असे शब्द सिद्ध केले. गॅरेजात मात्र पिस्टन, वाल, फ्लायव्हील हेच चालतात, आणि मग मराठीचा पराभव झाला असे म्हटले जाते. हे निदान अपुरे आहे. उसने घेतलेले नाम गॅरेजात मराठीच्या नियमांनी वागते : रिंगेचे अनेकवचन रिंगा होते, प्लेटीचे प्लेटा. काही शब्द तर मूळ घरी विस्मृतीत गेले तरी येथे नांदत आहेत. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरील कारखान्याने १९०४ च्या सुमारास जादा चाक काढले. त्या रस्त्याचे नाव आज नाशिकच्या द्वारका चौकातही ‘स्टेपनी’ या रूपाने ऐकू येते. उलटपक्षी मोटारसायकलीस ‘फटफटी’ हे नाव मराठीने तिच्या आवाजावरून स्वतःच दिले.

परंतु नामांपेक्षा महत्त्वाची आहेत ती दोषांची वर्णने. तेथे कोशातील शब्द नाहीत आणि इंग्रजीही फारसे नाही. तेथे शुद्ध मराठी क्रियापदे आहेत. ‘गाडी ओढत नाही’, ‘इंजिन ऑइल खाते’, ‘चढाला दम सोडते’, ‘मध्येच ठोकते’ या प्रयोगांत इंजिन हे यंत्र नसून जनावर आहे. ओढणे, खाणे, दम सोडणे हा बैलाचा व्यवहार. गाडी हाकणारा मराठी माणूस बैलाची लक्षणे ज्या शब्दांत सांगत आला त्याच शब्दांत तो इंजिनाची लक्षणे सांगतो. भागांची नावे परकी आणि विकारांची नावे घरची, अशी ही वाटणी आहे. याचे कारण उघड आहे. भाग पेटीत घालून बाहेरून येतो व आपले नाव बरोबर आणतो. विकार मात्र येथेच उद्भवतो व येथेच ओळखावा लागतो.

आता सांध्याच्या गाडीत या वर्णनांचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. मोटारसायकलीविषयी ‘ओढत नाही’ म्हटले तर बहुधा इंजिनाची दाबशक्ती कमी झाली असा अर्थ होतो. तेच वाक्य आपल्या छोट्या मोटारीविषयी उच्चारले तर त्याचे निदान चार अर्थ संभवतात : क्लच घसरतो आहे, गिअरचे प्रमाण चुकले आहे, ब्रेक धरून राहिला आहे, किंवा इंजिन खरोखरच थकले आहे. म्हणून जाणता मिस्त्री लगेच दुसरा प्रश्न विचारतो : इंजिनाचा आवाज चढतो का? आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर दोष क्लचमध्ये. दोन्ही वाढत नाहीत, तर गाडी सपाटीवर हाताने ढकलून पाहावयाची. जड गेली तर ब्रेक. हलकी गेली तर एक गिअर खाली घेऊन पाहावयाचे. तेवढ्याने गाडी ओढू लागली तर गिअरचे प्रमाण, नाही तर इंजिन. एका संदिग्ध वाक्यास क्रमाने प्रश्न लावून त्याचा अर्थ निश्चित करण्याची ही पद्धत अर्थविचाराच्या अभ्यासकास नवी वाटू नये.

भागांच्या निर्देशातही एक लक्षणीय गोष्ट आढळते. अशा गाडीत ‘डिफरन्शियल’ एवढे म्हणून भागत नाही. ‘रिक्षाचा डिफरन्शियल’, ‘मारुतीचे स्टिअरिंग’, ‘बुलेटची साखळी’ असेच म्हणावे लागते. येथील षष्ठी स्वामित्व दाखवीत नाही, कारण तो भाग आता त्या रिक्षाचा राहिलेला नाही. ती मूळ दाखविते, आणि दुकानात तोच भाग पुन्हा मागता यावा म्हणून क्रमांकाचे काम करते. ती षष्ठी कोणी विसरले तर मोडलेला भाग ओळखीचा असूनही मिळेनासा होतो.

मापांचेही असेच आहे. साखळी ‘बोटभर’ सैल, फट ‘केसभर’, पत्रा ‘अर्धा सूत’ जाड, बोल्ट ‘बेताने’ आवळलेला. यांपैकी सूत हे इंचाचा आठवा भाग असे निश्चित माप आहे; बोटभर म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर असे म्हणता येईल; परंतु ‘बेताने’ या क्रियाविशेषणाचा अर्थ त्या माणसाच्या मनगटात असतो. तो माणूस गेला की शब्द उरतो आणि माप जाते.

६. कायदा, नोंदवही आणि अभ्यासकाचे काम

अशा गाडीच्या भवितव्यास कायद्याची चौकट आहे. कारखान्याने घडविलेल्या वाहनास केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमाप्रमाणे नमुना-मान्यता घ्यावी लागते. नोंदलेल्या वाहनात मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करण्यास १९८८ च्या अधिनियमाचे कलम ५२ प्रतिबंध करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कलम काटेकोरपणे लावले. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय झाली. परंतु त्या गाडीचा सांगाडा, कवच व इंजिन यांत महत्त्वाचा बदल झालेला नसावा अशी तीत अट आहे. म्हणून इसेटासारखी गाडी, जिचे मोटारसायकलीचे इंजिन हेच मूळ इंजिन आहे, तिचा मालक ते इंजिन जिवापाड सांभाळील तर त्यात नवल नाही. याउलट जुन्या हेराल्डमध्ये बुलेटचे इंजिन घालणारा तिचे जुनेपणच गमावून बसतो. स्वतः घडविलेली गाडी बहुधा खासगी आवारात, प्रदर्शनात किंवा शिक्षणसंस्थेच्या प्रांगणातच चालू शकते. हे बंधन जाचक वाटले तरी निराधार नाही. वर सांगितलेल्या ब्रेकच्या हिशेबाची शहानिशा रस्त्यावरील पादचाऱ्याच्या जिवावर करता येत नाही.

तेव्हा अशा गाडीचे आयुष्य कशावर अवलंबून आहे? भाग मिळत राहतात; एकाचा नाही तर दुसऱ्याचा बसविता येतो. सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये लेथवर काम करणाऱ्या कुशल हातांची वाण नाही. टंचाई आहे ती लिहिलेल्या ज्ञानाची. मीरेविषयी सर्वसामान्य वाचकास आज जे ठाऊक असते ते वर्ष, किंमत व इंजिनाची मांडणी एवढेच. रबराचा झोला किती भारास किती दबे, चढावर ते इंजिन कसे वागे, कोणता बोल्ट वारंवार ढिला होई, हे त्या गाडीचे खरे चरित्र होय, आणि ते सांगणारे शब्द गाडीबरोबरच रस्त्यावरून गेले.

यावरील उपाय साधा आहे. गाडी घडविणाऱ्याने पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवावी व ती तीन रकान्यांची असावी. पहिल्यात प्रत्येक भागाची मूळ दाखविणारी षष्ठी. दुसऱ्यात माप, बोलीतील शब्दासह व त्यापुढे मिलिमीटर अथवा किलोग्रॅम-मीटर. तिसऱ्यात तक्रार, चालकाने ज्या शब्दांत केली त्याच शब्दांत, व तिचा उलगडा. भाषा गॅरेजची असावी. ‘ओढत नाही’ याचे ‘कर्षणक्षमता न्यून आहे’ असे रूपांतर केल्याने अर्थ वाढत नाही. उलट मिस्त्रीस तो कळेनासा होतो.

हे काम भाषेच्या विद्यार्थ्यांनीही हाती घेण्यासारखे आहे, आणि त्यास फार अवधी उरलेला नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ची मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. दोषाचे निदान संगणकी यंत्र करू लागले. विजेच्या दुचाकीत तर खाण्यास ऑइलच नाही. कानाने इंजिन ओळखणारी व ते शब्दांत सांगू शकणारी पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव; त्यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिक येथे आहे आणि व्यवसायशिक्षण मराठीतून देणे हे त्याच्या कार्याचे एक अंग आहे. द्वारकेपासून सातपूरपर्यंतच्या गॅरेजांतील तक्रारींची भाषा ध्वनिमुद्रित करून, तिचे अर्थ त्या त्या दोषाशी ताडून पाहिले, तर त्यातून कोशास शब्द मिळतील आणि पाठ्यपुस्तकास वाक्ये मिळतील. यांपैकी वाक्यांची गरज अधिक निकडीची आहे.